इमाम शाफिई (रह.) : कान देऊन शिकलेला विद्यार्थी



काही दिवसांपूर्वी इशाच्या नमाजनंतर आगाशीतील एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळच्या मकतबात येतो. दोन वर्षे होत आली, तरी त्याला कायद्यातील अरबी अक्षरे धड जुळवता येत नाहीत. त्याच्याबरोबर आलेली मुले अम्म पारा वाचू लागली आहेत. वडिलांचे म्हणणे असे होते की, याच्या डोक्यात काही शिरत नाही; उगाच त्याचा आणि माझा वेळ दवडण्यापेक्षा त्याला मकतबातून काढून घ्यावे. शुक्रवारपर्यंत विचार करून सांगतो, असे मी त्यांना म्हणालो. खरे सांगायचे तर माझे मनही त्यांच्या बाजूने झुकले होते. पालथ्या घड्यावर पाणी, हा शब्दप्रयोग त्या मुलाविषयी माझ्याही मनात येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी फजरला तो मुलगा वडिलांबरोबर आला. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर मी कुनूतची दुआ म्हणू लागलो आणि मागून जमाअतीची आमीन येऊ लागली. नमाज संपल्यावर काय मनात आले कोण जाणे, मी त्या मुलाला जवळ बोलावून कुनूत म्हणावयास सांगितले. त्याने ती अखेरपर्यंत म्हटली. उच्चार माझ्यासारखे, थांबण्याच्या जागाही माझ्यासारख्याच. कोणी शिकवली, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला की कोणी नाही, रोज ऐकतो.

वाचकहो, फजरच्या नमाजमध्ये ही कुनूत म्हणण्याची रीत कोकणच्या किनाऱ्यावर ज्या इमामांच्या फिकहमधून आली, त्या इमाम मुहम्मद बिन इद्रीस शाफिई (रह.) यांचे चरित्र मी त्या रात्री पुन्हा उघडले. त्या गृहस्थांना काय उत्तर द्यावे, हे मला त्यातूनच उमगले. म्हणून ते चरित्र आज आपल्यापुढे मांडत आहे.

मक्केतील पोरका विद्यार्थी

इमाम शाफिई यांचा जन्म हिजरी १५० (इ.स. ७६७) मध्ये पॅलेस्टाइनमधील गाझा येथे झाला. त्याच वर्षी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे निधन झाले. इमाम शाफिई कुरैश वंशातील होते आणि त्यांची वंशावळ अब्द मनाफ यांच्यापाशी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वंशावळीला जाऊन मिळते. वंश एवढा थोर, पण घरात मात्र दारिद्र्य. वडील लवकर वारले. मूल सुमारे दोन वर्षांचे असताना आईने एक मोठा निर्णय घेतला. परक्या मुलुखात मुलाचा वंश आणि भवितव्य दोन्ही हरवू नये म्हणून ती त्याला घेऊन मक्केला गेली.

मक्केत आईने त्याला मकतबात घातले. परंतु शिक्षकाला देण्यासाठी तिच्याजवळ काही नव्हते. ज्यांचे पालक पैसे देत, त्या मुलांकडे शिक्षकाचे लक्ष असे. हा पोरका मुलगा बाजूला बसून असे. मात्र शिक्षक दुसऱ्या मुलांना जे सांगत, ते तो कान देऊन ऐके आणि त्यांचे सांगून होईपर्यंत याचे पाठ झालेले असे. शिक्षक उठून गेले की तो तेच इतर मुलांना शिकवू लागे. शिक्षकाच्या हे लक्षात आले. मुलांवर देखरेख ठेवण्याचे एवढे काम जर हा बिनमोबदला करतो, तर याच्याकडून फी कसली घ्यायची, असा विचार करून त्याने ती माफ केली.

या प्रसंगाकडे आपण पुष्कळदा केवळ तल्लख बुद्धीचा नमुना म्हणून पाहतो. परंतु त्यात शिकण्याची एक पद्धत दडलेली आहे. त्या मुलाने दोन गोष्टी केल्या. एक, ऐकताना त्याचे लक्ष इतरत्र नव्हते. दुसरी, ऐकलेले त्याने लगेच दुसऱ्याला ऐकवले. ऐकलेली गोष्ट आपल्या तोंडून पुन्हा बाहेर काढली की आपले काय राहिले आणि काय निसटले, हे तत्काळ कळते. नुसते ऐकून उठणाऱ्याला आपले निसटलेले कधीच कळत नाही.

चरित्रकार सांगतात की, वयाच्या सातव्या वर्षी त्यांचे कुरआन पाठ झाले होते. पुढे ते मशिदीत विद्वानांच्या बैठकांत बसू लागले. एखादी हदीस किंवा मसअला कानी पडला की तो मनात ठेवत. कागद महाग होता, म्हणून जनावरांची रुंद हाडे गोळा करून त्यांवर लिहीत आणि ती हाडे एका जुन्या रांजणात साठवत. सरकारी कचेरीतून एका बाजूला लिहिलेले कागद मागून आणत आणि कोऱ्या बाजूवर टिपून घेत. म्हणजे ज्यांची स्मरणशक्ती आजही दाखला म्हणून सांगितली जाते, त्यांनीही तिच्यावर आंधळा भरवसा ठेवला नाही. आधी ऐकले, मग पाठ केले, मग लिहून ठेवले.

हुझैलच्या तंबूंत

मक्केजवळच्या वाळवंटात हुझैल ही टोळी राहत असे. तिची अरबी भाषा अत्यंत शुद्ध मानली जाई. तरुण शाफिई या टोळीत जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर ते मुक्काम हलवीत, त्यांची बोली ऐकत, त्यांचे काव्य मुखोद्गत करीत. येथे वही नव्हती आणि व्याकरणाचे पुस्तकही नव्हते. शेळ्यामेंढ्यांमागे फिरणारी आणि चुलीपाशी बसलेली माणसे काय बोलतात, कोणता शब्द कोठे वापरतात, हेच पाठ्यपुस्तक होते. पुढे अस्मई यांच्यासारख्या नामांकित भाषापंडितानेही हुझैलचे काव्य या कुरैशी तरुणाकडून तपासून घेतले.

मराठीत विद्वान माणसाला आपण बहुश्रुत म्हणतो. ज्याने पुष्कळ वाचले तो नव्हे, तर ज्याने पुष्कळ ऐकले तो, असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. आपल्या भाषेने विद्वत्तेचे मूळ कानात पाहिले. कुरआनही प्रेषितांच्या अंतःकरणावर वाणी म्हणून उतरले, सहाबांनी ते प्रथम ऐकले आणि पाठ केले. ते एका ग्रंथात एकत्र लिहिले गेले, ते नंतर.

मदीनेचा दरवाजा

हुझैलहून परतल्यावर एका हितचिंतकाने त्यांना सुचवले की, एवढी बुद्धी केवळ काव्यात खर्च न करता फिकहकडे वळवावी. त्यांनी ते मानले. मक्केचे मुफ्ती मुस्लिम बिन खालिद जंजी यांच्यापाशी ते शिकले आणि अगदी तरुण वयातच त्यांना फतवा देण्याची परवानगी मिळाली. दुसरा कोणी असता तर येथेच समाधान मानता. त्यांना मात्र मदीनेस जाऊन इमाम मालिक (रह.) यांच्यापाशी बसायचे होते.

ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. इमाम मालिक यांचा ‘मुवत्ता’ हा हदीसग्रंथ त्यांनी मक्केतच मिळवला आणि पाठ केला. मदीनेत इमाम मालिक यांची रीत अशी की, विद्यार्थ्याने वाचावे आणि उस्तादाने ऐकावे. चूक झाली की उस्तादाने थांबवावे. या लहान वयाच्या विद्यार्थ्याला त्यांनी एखादा वाचणारा सोबत आणण्यास सांगितले. शाफिई यांनी स्वतःच वाचण्याची परवानगी मागितली आणि ते मुखोद्गत म्हणू लागले. इमाम मालिक यांना ते वाचन आवडले. त्यांनी ते पुढे चालू ठेवावयास सांगितले.

ऐकण्यापूर्वीची तयारी काय असते, हे येथे दिसते. जो विषयाची काहीच ओळख न करता बैठकीत बसतो, त्याचा सर्व वेळ शब्द पकडण्यात जातो. जो आधी थोडे पाहून येतो, त्याला अर्थ ऐकू येतो. हिजरी १७९ (इ.स. ७९५) मध्ये इमाम मालिक यांचे निधन होईपर्यंत शाफिई यांनी त्यांच्याशी आपले विद्यार्थ्याचे नाते राखले.

ज्यांच्याशी मतभेद, त्यांचेही ऐकणे

यानंतर चरितार्थासाठी ते यमनला गेले. प्रवासखर्चासाठी पैसा नव्हता. त्यासाठी घर गहाण पडले, असे चरित्रकार नमूद करतात. यमनमध्ये ते नजरान येथे सरकारी काम पाहू लागले. त्यांच्या निःपक्षपाती कारभारामुळे काहींचे हितसंबंध दुखावले. खलिफाविरोधी असल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि हिजरी १८४ मध्ये त्यांना बेड्या घालून खलिफा हारून रशीद यांच्यासमोर उभे करण्यात आले. त्यातून ते निर्दोष सुटले. त्या वेळी इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी यांनी त्यांच्या बाजूने शब्द टाकला. हे शैबानी म्हणजे इमाम अबू हनीफा यांचे ज्येष्ठ शिष्य. त्यांनीही पूर्वी मदीनेत इमाम मालिक यांच्यापाशी तीन वर्षे बसून ‘मुवत्ता’ ऐकला होता.

शाफिई हे मदीनेच्या परंपरेतले, शैबानी इराकच्या. अनेक मसअल्यांत दोहोंचे मत भिन्न. तरीही शाफिई त्यांच्यापाशी शिष्य म्हणून बसले, त्यांचे ग्रंथ ऐकले, उतरवून घेतले. ते ज्ञान एका उंटाचे ओझे भरेल एवढे होते, असे ते पुढे सांगत. आधी पूर्ण ऐकले, मग वाद घातला. वादविवादाविषयीही त्यांची वृत्ती अशी की, सत्य माझ्या मुखातून प्रकट व्हावे की समोरच्याच्या, याची त्यांना फिकीर नसे. ते प्रकट व्हावे एवढीच त्यांची इच्छा असे.

हिजरी १९५ मध्ये ते पुन्हा बगदादला आले. तेथे इमाम अहमद बिन हंबल (रह.) त्यांच्या बैठकीत शिष्य म्हणून बसत. तरीही हदीसच्या बाबतीत इमाम शाफिई या शिष्याला सांगत की, तुमचा अभ्यास माझ्याहून अधिक आहे. एखादी हदीस सहीह ठरली तर मला कळवा, मी तिच्याकडे जाईन. उस्ताद झाल्यावरही त्यांचा कान बंद झाला नाही.

त्यांचा ‘अर-रिसाला’ हा ग्रंथ फिकहच्या मूलतत्त्वांवरील आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत सर्वांत जुना मानला जातो. त्यात पानोपानी कोणीतरी प्रश्न विचारतो, आक्षेप घेतो, आणि इमाम उत्तर देतात. विरोधकाचे म्हणणे ते आधी पूर्ण मांडू देतात. याच ग्रंथात, ज्याचे सांगणे ग्राह्य धरावे अशा माणसाच्या अटी त्यांनी घातल्या आहेत. तो सत्यवचनी असावा, जे सांगतो ते त्याला समजत असावे, किंवा जसे ऐकले तसे शब्दाला शब्द त्याने पोहोचवावे, पाठांतरावरून सांगत असेल तर त्याचे पाठांतर पक्के असावे. वाचकहो, मोबाइलवर आलेली ध्वनिफीत न ऐकताच दहा जणांना पुढे पाठवणाऱ्या आपणा सर्वांनी या अटींवर स्वतःला एकदा तपासून पाहावे.

रबीअ : ज्याला चटकन समजत नसे

आता मी त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

हिजरी १९९ च्या सुमारास इमाम शाफिई मिसरला गेले. फुस्तात येथील अम्र बिन आस (रजि.) यांच्या मशिदीत त्यांचा दिवस फजरनंतर सुरू होई. प्रथम कुरआन शिकणारे येत. सूर्य वर आला की हदीसचे विद्यार्थी बसत. त्यानंतर चर्चा व वादविवाद, आणि मग अरबी भाषा व काव्याचे अभ्यासक. दुपार होईपर्यंत हा क्रम चाले. रात्रीचे ते तीन भाग करीत : एक लेखनासाठी, एक नमाजसाठी, एक झोपेसाठी.

त्यांच्या मिसरमधील शिष्यांत बुवैती होते, मुजनी होते. दोघेही असामान्य बुद्धीचे. त्यांच्याबरोबर रबीअ बिन सुलैमान मुरादी नावाचा एक तरुण होता. तो त्या मशिदीत अजान देत असे आणि इमामांची सेवा करीत असे. मन स्वच्छ, निष्ठा पक्की. परंतु समज मंद. चरित्रग्रंथांत येते की, एकदा इमामांनी एकच मसअला त्याला चाळीस वेळा समजावला. तरी तो त्याच्या ध्यानी येईना. शेवटी रबीअ लाजेने बैठकीतून उठून गेला. इमामांनी त्याच्यावर राग काढला नाही, त्याला विसरूनही गेले नाहीत. त्यांनी त्याला एकांतात बोलावले आणि त्याला समजेपर्यंत तोच मसअला पुन्हा सांगितला. ज्ञान घासासारखे भरवता आले असते तर आपण ते रबीअला भरवले असते, असे ते म्हणत.

आता थोडे थांबून विचार करा. ज्या मनुष्याला लहानपणी एकदा ऐकले की पाठ होत असे, त्याला चाळीस वेळा सांगूनही न समजणाऱ्याची अडचण कळणे किती अवघड! हुशार माणसाचा धीर येथेच सुटतो. परंतु मक्केच्या मकतबात बाजूला बसवलेल्या त्या पोरक्या मुलाला, बाजूला पडणे म्हणजे काय, हे ठाऊक होते.

हिजरी २०४ (इ.स. ८२०) मध्ये, रजब महिन्याच्या अखेरीस, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी इमाम शाफिई यांचे निधन झाले. कैरोतील कराफा येथे त्यांची कबर आहे. बुवैती त्यांच्या गादीवर बसले. पुढे बगदादच्या कैदेत, आपल्या श्रद्धेवर ठाम राहून, त्यांचे निधन झाले. मुजनी यांनी इमामांच्या शिकवणीचा संक्षेप लिहिला. परंतु इमामांचे मूळ ग्रंथ, ‘अर-रिसाला’ आणि ‘अल-उम्म’, ज्या मुखातून उम्मतीपर्यंत पोहोचले, ते मुख होते रबीअ यांचे. इमामांपासून ऐकलेले त्यांनी जसेच्या तसे जपले आणि हिजरी २७० मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, ते लोकांना ऐकवत राहिले. दूरदूरच्या मुलुखांतून आलेल्या प्रवाशांची शेकडो जनावरे त्यांच्या दारापाशी बांधलेली असत. ज्याला चाळीस वेळा सांगावे लागले, त्याच्याच पायरीशी पुढे विद्वान ऐकण्यासाठी येऊन बसले.

इमामांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, हिजरी ३०४ मध्ये, मसऊदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला आला आणि तेथील मुस्लिम वस्तीचे वर्णन त्याने लिहून ठेवले. सोपाऱ्याचेही नाव अरब भूगोलवेत्त्यांच्या ग्रंथांत येते. समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर, विद्वानांबरोबर शाफिई फिकह या किनाऱ्यावर रुजले. माहीमचे मखदूम फकीह अली (रह.), ज्यांचे निधन हिजरी ८३५ (इ.स. १४३१) मध्ये झाले, याच मसलकाचे होते, त्यांनी अरबीत लिहिलेली कुरआनची तफसीर विद्वानांत प्रसिद्ध आहे. इमामांपासून रबीअ, रबीअपासून पुढचे, आणि असे ऐकत ऐकवत ते आगाशीतील फजरच्या कुनूतपर्यंत आले.

आपल्या घरांसाठी

वाचक बंधू-भगिनींनो, या चरित्रातून आपल्या घरात आणण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

मुलाने काही ऐकले, मग ते कुरआनचे पठण असो, खुतबा असो वा शाळेतील धडा, त्याला ते आपल्या शब्दांत सांगावयास लावावे. आईने स्वयंपाक करता करता ऐकले तरी चालेल, पण ऐकावे. जुमाच्या दिवशी घरी परतल्यावर वडिलांनी खुतब्यातील एकच गोष्ट विचारावी. मोबाइलवर उत्तम कारींचे पठण मिळते, ही अल्लाहची देणगीच आहे. परंतु बयान दीडपट वेगाने लावून त्याच वेळी दुसरे काही पाहत राहणे, याला ऐकणे म्हणता येणार नाही. पाच आयती ऐकाव्यात, यंत्र थांबवावे, म्हणून पाहाव्यात, पुन्हा ऐकाव्यात. शेवटी कोणा जाणत्याला म्हणून दाखवाव्यात, कारण यंत्र आपली चूक ऐकत नाही, उस्ताद ऐकतो. आणि मोठ्या मुलांनी ऐकलेले टिपून ठेवावे. आज हाडांचा रांजण नको, दहा रुपयांची वही पुरे.

आणि ज्याला लवकर येत नाही, त्याला चारचौघांत बोलू नये. रबीअ लाजून उठून गेले होते. इमामांनी त्यांना एकांतात बोलावले नसते, तर ‘अल-उम्म’ आपल्यापर्यंत कोणाच्या मुखातून आला असता? आपल्या वसईकडची सुकेळी एका दिवसात होत नाहीत. राजेळी केळ्यांना कित्येक दिवसांचे ऊन द्यावे लागते आणि घाई करणाऱ्याची केळी नासतात. मुलांचेही तसेच आहे.

शुक्रवारी जुमानंतर मी त्या गृहस्थांना भेटलो आणि मुलाला काढू नका, अशी विनंती केली. चूक त्याच्या डोक्याची नसून माझ्या शिकवण्याची होती, हेही त्यांच्याजवळ कबूल केले. मी त्याला प्रथम अक्षर दाखवत होतो आणि मग आवाज सांगत होतो. आता मी प्रथम एक छोटी सूरह त्याला ऐकवतो. ती त्याला पाठ झाली की तीच त्याच्यापुढे उघडून, जे तू म्हणतोस ते येथे कोठे आहे, असे विचारतो. तो बोट ठेवून शोधतो. कधी सापडते, कधी नाही. इतर मुलांच्या तो अजूनही मागे आहे. परंतु गेल्या आठवड्यात सूरह इख्लासमधील एक शब्द त्याने स्वतः ओळखला आणि त्याच्या वडिलांनी, जे त्या वेळी त्याला न्यावयास आले होते, तो त्याच्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतला.

अल्लाह आपल्या मुलांना ऐकून जपणारे कान देवो, आणि आपणा आई-वडिलांना व उस्तादांना एकेचाळिसाव्या वेळीही सांगण्याचा धीर देवो. आमीन.